बिळातला थर्मामीटर

निलंग्याचे मल्लिकार्जुन मास्तर रानउंदरांच्या नादी लागले होते. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं, शाळेवर तापलेले पत्रे, आणि वैशाखात निवांत असत ते फक्त उंदीर. ऊन चढलं की ते बिळाचं तोंड आतून मातीनं लिंपून घेत, अंगातली ओल आणि ताकद राखत पडून राहत आणि अंधार पडल्यावरच चरायला निघत. मास्तरांना त्यांचा हेवाच वाटे. आत गारवा किती असतो, हे एकदा मोजायचंच, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

गावात थर्मामीटर एकच, शेजारच्या हकीम जिलानींचा, ताप बघायचा. मास्तरांनी तो तासाभरासाठी मागून आणला. भर दुपारी बिळात हातभर आत सरकवला, तर पारा जागचा हलला नाही. मास्तर हरखले. मग बाहेर किती, म्हणून तीच नळी त्यांनी तापल्या मातीवर ठेवली. माणसाच्या तापापुरती ती काच. बघता बघता टोक फुटलं आणि पारा जमिनीच्या भेगेत सांडला. मुलांना कान धरून शिकवणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये, याला काय म्हणावं?

खरं सांगायचं ठरवूनच ते परतले. पण दारात हकीमसाहेब हसून सामोरे आले आणि मास्तरांची जीभ उचलेना. फुटकी नळी घातलेली बंद डबी त्यांच्या हाती देऊन ते घरी आले. त्यांना जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी हकीमसाहेबांचं बोलावणं आलं. त्यांची आठ वर्षांची वहिदा तापानं फणफणली होती. ताप एकशे चारच्या वर असेल तर पोरीला ओल्या चादरीत गुंडाळायचं, कमी असेल तर तेच अंगावर यायचं. आणि थर्मामीटर तर फुटलेला. लातूरहून दुसरा यायला दोन दिवस लागणार होते.

"सकाळपासून कपाळाला हात लावून लावून मला काय कळंना झालंय," हकीमसाहेब म्हणाले. "तुम्ही बघा, मास्तर."

मास्तरांनी हात ठेवला. कपाळ पोळत होतं. पण किती, ते हाताला कसं कळावं?

"हात काढू नका," वहिदा पुटपुटली. "गार लागून राहिलं."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सांगतोच, म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच हकीमसाहेब बोलले.

"डबीतून काढला तो न बघताच पारा झटकला, तवाच थर्मामीटर पलंगाला लागून फुटला असंल. लई घाईत होतो मी. पोरीचं नुकसान केलं, तुमचा उंदरांचा अभ्यासबी बुडवला. माफ करा मला."

"असू द्या, हकीमसाहेब," मास्तर म्हणाले.

मास्तरांनी माफ केलं, म्हणून हकीमसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.