बासष्ट बायांचा कारखाना

मायाबाई खोब्रागडे रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या. रिटायर झाल्यावर त्यांनी तेलीबांध्याच्या तलावामागे दोन खोल्यांचं घर बांधलं आणि पुढे पत्र्याचा व्हरांडा काढला. व्हरांड्यात एक शिलाई मशीन होती. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, तीन पोट्ट्या दुपारी ब्लाउज शिकायला येत. फी नव्हती. कोणी चहा ठेवायची, कोणी भाजी निवडून द्यायची.

राज्य नवं होतं, राजधानी नवी होती, आणि नव्या राज्याला रोज काहीतरी करून दाखवावं लागत होतं. एके दुपारी ‘स्थानिक रोजगार अभियाना’चा माणूस दारात उभा राहिला. मशीनकडे, पोरींकडे पाहून त्यानं विचारलं, “यहाँ क्या चलता है, आंटी?”

“सिलाई,” मायाबाई म्हणाल्या.

त्यानं काहीतरी लिहून घेतलं, चहा प्यायला, चहात आलं छान पडलंय म्हणाला आणि निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात घरपट्टीची नोटीस आली. नोटिशीत मायाबाईंचं घर आता घर राहिलं नव्हतं. ‘व्यावसायिक, उत्पादन केंद्र’ असं त्याचं नवीन मूल्यांकन झालं होतं, आणि त्यांच्या पेन्शनीला दरदरून घाम फुटावा असा कर बसला होता.

काहीतरी चुकलं असेल, असं समजून त्या झोन ऑफिसात गेल्या. कर अधिकारी श्रीवास्तव यांच्या खोलीत एसी नवाच बसला होता आणि रिमोट त्यांच्या हातातून सुटत नव्हता.

“चूक कैसी? आपके यहाँ बासठ महिलाएँ काम करती हैं,” ते म्हणाले.

“कहाँ?”

श्रीवास्तवांनी खणातून एक गुळगुळीत पुस्तिका काढली. रोजगार अभियानाची होती. आतल्या पानावर कुठल्यातरी भल्यामोठ्या शेडचा फोटो होता. रांगेनं मशीनी, डोक्यावर ट्यूबलाइटी. खाली छापलं होतं : ‘माया वस्त्र उत्पादन केंद्र, तेलीबांधा. बासठ स्थानीय महिलाओं को रोज़गार.’

मायाबाईंनी चष्मा पुसून ती शेड पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, “साब, मेरे बरामदे में बासठ औरतें खड़ी करोगे, तो आधियों को आधियों के कंधे पे बैठना पड़ेगा.”

“वो आपका अंदरूनी मामला है.”

“एक बार आके देख तो लो.”

“देखना क्या है? सरकारी आँकड़ा है.” आणि त्यांनी एसी आणखी थंड केला. बाईंनी लवकर उठावं, म्हणून असेल.

मायाबाई तिथून थेट रोजगार अभियानाच्या ऑफिसात गेल्या. तिथला अधिकारी मराठी निघाला. स्वानंद पुराणिक त्याचं नाव. बाईंचं नाव ऐकताच तो खुर्चीतून उठला.

“अभिनंदन, ताई! तुमचं केंद्र आमच्या पुस्तिकेत आहे.”

“मले तेच विचारायचं आहे, भाऊ. तीन पोट्ट्या येतात माह्या घरी. त्यायच्या बासष्ट कशा झाल्या?”

पुराणिकानं चहा मागवला आणि समजावून सांगितलं. तीन पोरी म्हणजे प्रत्यक्ष रोजगार. त्यांना धागा लागतो, म्हणजे गोल बाजारातला धागेवाला आला. बटणं विकणारा आला. कापडवाला, त्याचे नोकर, गठ्ठे वाहणारे रिक्षावाले, हे सगळे अप्रत्यक्ष रोजगारात मोडतात.

“पण तिथं महिला लिहिलं आहे.”

“ते छापताना झालं असेल.”

“मंग कमी करा ना आकडा.”

पुराणिकाचा चेहरा एकदम हळवा झाला. “ताई, मंत्रीमहोदयांनी तो भाषणात वाचलाय. एकदा वाचलेला आकडा वाढू शकतो. कमी होत नाही.”

घरी मुलगा प्रफुल्ल जेवायला बसला होता. मोबाइल कंपनीच्या ऑफिसात होता तो. सगळं ऐकून म्हणाला, “आई, टॅक्स भर दो ना. किस्तों में भर देंगे. झंझट खतम.”

“भरला म्हणजे कारखाना खरा होते,” मायाबाई म्हणाल्या. “उद्या कोणी कामाले आलं, तर मी काय सांगू?”

आणि खरंच आल्या. पुस्तिकेतला मजकूर पेपरात छापून आला होता. अभनपूरकडच्या गावांतून बायका येऊ लागल्या. कुणाची शेती नव्या राजधानीत गेली होती, कुणी त्याच राजधानीत विटा वाहत होत्या आणि काम थांबल्यावर घरी बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे बिसाहिन नावाची उंच बाई होती. तिनं फाटकातूनच विचारलं, “दीदी, काम हे का?”

“नाही वो बाई. इथं कारखाना नाही.”

“अखबार म छपे हे,” बिसाहिन म्हणाली आणि पिशवीतून पेपरचा तुकडा काढला.

मायाबाईंनी तिला आत बोलावलं, दोन्ही खोल्या दाखवल्या, न्हाणीघरसुद्धा दाखवलं. बिसाहिननं पलंगाखाली वाकून पाहिलं. मग ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि इतकं हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी हसण्याचंच होतं की नाही, हे मायाबाईंना कळलं नाही. आपण न बोललेल्या खोट्याची लाज आपल्यालाच का वाटते आहे, हेही कळलं नाही. पण त्या लाजेचा हळूहळू राग झाला. दवाखान्यात असताना नीट औषधं न देणाऱ्या कंपाउंडरचा यायचा, तसा.

त्यांनी मूल्यांकनावर हरकत घेतली. सुनावणीची तारीख लागली आणि आकड्याची खात्री करायला पुराणिकाला बोलावणं गेलं. मायाबाईंनी बिसाहिनकडे निरोप धाडला : येता येईल तेवढ्या सगळ्या या.

सुनावणीच्या दिवशी श्रीवास्तव खुर्चीत, पुराणिक बाजूला आणि मायाबाई समोर बसल्या. दार बंद होतं.

“पुराणिकजी,” श्रीवास्तव म्हणाले, “बताइए, इनके केंद्र में बासठ महिलाएँ काम करती हैं?”

“जी, बिलकुल. विभाग का आँकड़ा है.”

“पक्का?”

“शत-प्रतिशत.”

मायाबाई उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. बाहेरचा व्हरांडा बायकांनी गच्च भरला होता. बिसाहिन आत आली, तिच्यामागून आणखी दहा-बारा जणी आल्या, बाकीच्यांनी खिडकीला तोंडं लावली. एसीची सगळी हवा बाहेर गेली.

“ये वो औरतें हैं,” मायाबाई म्हणाल्या. “साब ने अभी बोला कि काम करती हैं. इनको आज तक एक पैसा नहीं मिला.”

बिसाहिन पुराणिकासमोर जाऊन उभी राहिली. “हमर पगार कब मिलही, साहेब?”

पुराणिक आधी मायाबाईंकडे बोट करून म्हणाला, “पगार तो मालिक देता है.”

“मालिक कौन?” मायाबाईंनी पुस्तिका टेबलावर ठेवली. “इसमें लिखा है, केंद्र अभियान ने खोला. फोटो भी अभियान ने लगाया है. मेरा बरामदा तो कहीं नहीं.”

“पगार!” खिडकीतून कुणीतरी ओरडलं. मग सगळ्याच ओरडू लागल्या.

पुराणिकानं रुमाल काढला. “अरे, सुनिए! ये रोज़गार मतलब... नौकरी नहीं है. ये प्रशिक्षण है. सीखने का पगार नहीं होता.”

हे ऐकताच श्रीवास्तवांच्या हातातला रिमोट खाली पडला.

“प्रशिक्षण? मुफ़्त प्रशिक्षण पे व्यावसायिक कर कैसे लगेगा?”

“मत लगाइए.”

“मत लगाइए? आपके आँकड़े के भरोसे मैंने पूरे वार्ड का मूल्यांकन बढ़ाया है! दो भैंस वाले को डेरी परियोजना लिखा है, पापड़ वाली को खाद्य उद्योग! ऊपर रिपोर्ट जा चुकी है!”

“तो मेरी रिपोर्ट नहीं गई क्या?”

दोघंही उभे राहिले. एकाचा आकडा खरा धरला तर पगार द्यावा लागत होता, खोटा धरला तर दुसऱ्याचं मूल्यांकन पडत होतं. श्रीवास्तवांनी पुराणिकाला बाजूच्या खोलीत चला म्हटलं, पण दारात बायका होत्या आणि त्या हलल्या नाहीत. मायाबाई शांतपणे म्हणाल्या, “यहीं बोलो साब. हम सबका ही मामला है.”

शेवटी श्रीवास्तवांनी तिथंच आदेश लिहिला : सदर मकान निवासी आहे, कर पूर्वीप्रमाणे. मायाबाईंनी मागणी केली की पुस्तिकेतला आकडा खोटा होता, हेही लिहा. पुराणिक हात जोडून मराठीत म्हणाला, “ताई, तुमचा टॅक्स कमी झाला ना? आता आणखी काय पाहिजे?”

“खरं पाहिजे,” मायाबाई म्हणाल्या.

पण ते काही कुणी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भैंसवाला झोन ऑफिसात गेला, त्याच्यामागे पापडवाली गेली, आणि आठवड्याभरात तिथं अर्धा वार्ड रांगेत होता. श्रीवास्तव वैद्यकीय रजेवर गेले. पुराणिकाला बढती मिळाली. सरकारी आकड्यांची खातरजमा करणाऱ्या एका नव्या विभागाचा तो प्रमुख झाला. पुढच्या पुस्तिकेत बासष्ट महिला ‘प्रशिक्षित’ झाल्या होत्या. फोटो त्याच शेडचा होता.

सुनावणी झाली त्या संध्याकाळी मायाबाई बायकांना सोडायला तेलीबांध्याच्या छोट्या स्टेशनावर गेल्या होत्या. अभनपूरची छोटी गाडी यायची होती. बायका फलाटावर बसून, श्रीवास्तव कसे उभे राहिले आणि पुराणिक कसा घामाघूम झाला, याच्या नकला करत होत्या. बिसाहिन मात्र रुळांकडे पाहत होती. गाडीचा दिवा दिसला तशी ती उठली आणि पदर खोचून म्हणाली, “तोर टेक्स त कम होगे, दीदी. हमर काम के का होही?”

मायाबाईंनी तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. गाडी आली, बायका चढल्या. बिसाहिन खिडकीत बसली आणि तिनं हात हलवला नाही.