कापलेली शांतता

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. खरे तर तो आवाज माझा नसतो, बोलणाऱ्याचा असतो. तरीही त्याचे श्रेय मी आजवर घेत आलो आणि पुढेही घेणार. माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपली आहे. शाळेतल्या एका सरांना भाषणाच्या भरात टेबलावर हात आपटायची सवय होती आणि एकदा त्यांचा नेम चुकला, एवढेच सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका ताईंनी भिंगातून बघत माझ्या पोटात केसाएवढ्या बारीक तारेचे वेटोळे बसवले. ते बसवताना त्या चक्क श्वास रोखून धरायच्या. मग तपासणी झाली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या एका काकांनी कागदाचा कपटा चुरगाळला आणि मी तो अचूक ऐकला. "याचे कान फार तिखट आहेत," काका म्हणाले. ते माझे पहिले कौतुक होते आणि ते मी कधी विसरलो नाही.

पुढे मी या शाळेत आलो. किती वर्षे मी सूचना दिल्या, बक्षिसांची नावे पुकारली, हरवलेल्या डब्यांचे मालक शोधून दिले. जो येई तो आधी माझ्यावर फुंकर मारी, मग टपली मारी, मग "हॅलो हॅलो" करी. मी सगळे निमूट सोसले. एक दिवस बिनतारी माइक आले आणि मला कोणी विचारीनासे झाले. माझी रवानगी कपाटात झाली. तिथे माझ्या शेजारी पृथ्वीचा एक गोल होता. त्याच्यावरचे काही देश आता जगात उरलेलेच नव्हते, पण तो बिचारा अजून त्यांचा पत्ता सांगत बसायचा. त्याच्या संगतीत मला माझेही भविष्य दिसू लागले होते.

मला तिथून बाहेर काढले ते इतिहासाच्या बाईंनी. बाई नव्या होत्या आणि त्यांच्या वर्गाची अवस्था बिकट होती. सनावळ्या पाठ करून मुलांच्या तोंडाला फेस यायचा आणि परीक्षा संपली की सगळ्या सनावळ्या वाऱ्यावर. शेवटी बाईंनी पुस्तक मिटले आणि त्या म्हणाल्या, "आता तुम्हीच इतिहास सांगायचा. आपल्याच गावातली एक गोष्ट शोधा. जुने फोटो मिळवा, जिने किंवा ज्याने ते दिवस पाहिलेत अशा माणसाला बोलतं करा आणि कॉम्प्युटरवर त्याची चार मिनिटांची चित्रगोष्ट बनवा. चार म्हणजे चारच."

मोबाइलवर माणसापेक्षा पंख्याचाच आवाज जास्त येतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले. मग माझी आठवण झाली. नवी वायर जोडून त्यांनी मला कॉम्प्युटरला लावले आणि कानाला हेडफोन लावून ऐकले. "अरे, हा तर सोनं आहे," त्या म्हणाल्या. कपाटातल्या गोलाने हे ऐकले असेल अशी मला आशा आहे.

तर आता टकळीबद्दल सांगतो. खरे नाव काही वेगळेच, पण सगळी शाळा तिला टकळी म्हणायची, कारण तिचे तोंड एकदा सुरू झाले की थांबायचे नाव नसे. तिच्या जोडीला वर्गाचा मॉनिटर होता. त्याला कॉम्प्युटर छान जमायचा आणि नियम त्याहून छान जमायचे. या दोघांनी विषय निवडला गावातल्या पुलाचा. पूल व्हायच्या आधी नदीच्या दोन्ही काठांमध्ये एक बोट ये-जा करायची आणि ती बोट चालवायचे टकळीचे आजोबा.

पण आजोबा त्याबद्दल बोलत नसत. घरात कोणी बोटीचा विषय काढला की ते उठून झाडांना पाणी घालायला जात, मग बाहेर भर पाऊस का असेना. टकळीने त्यांच्या मागे कसा लकडा लावला ते मला माहीत नाही. एवढे खरे, की एका रविवारी बाईंनी मला टकळीच्या घरच्या बैठकीच्या खोलीत नेले, माझ्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला, पंखा बंद केला आणि आजोबा माझ्यासमोर बसले.

आणि बोलले. बोटीचे इंजिन थंडीत कसे रुसायचे, घाई असणारे लोक बोट सुटायच्या आत काठावरूनच कसे शिव्या घालायचे, एक नवरदेव चुकीच्या काठावर कसा राहिला, सगळे सांगितले. टकळी हसून हसून वाकली. घरच्यांनी दाराआडून ऐकले. मग कागदावर लिहून आणलेला प्रश्न तिने विचारला, "आजोबा, पूल झाला तेव्हा तुम्हाला आनंद झाला का?"

आजोबा गप्प झाले. टकळी तेवढ्यात कागदावर पुढचा प्रश्न शोधत होती. मी मात्र ऐकत होतो. बोलायला म्हणून त्यांनी श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला. खुर्चीच्या हातावर त्यांचे नख फिरत राहिले. बाहेरून एक सायकल गेली. त्यांनी आवंढा गिळला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "झाला की. सगळ्यांनाच झाला."

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या खोलीत मॉनिटर जुळवाजुळव करायला बसला. पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसत होत्या आणि मध्ये एक लांबलचक सपाट पट्टा होता.

"इथे काहीच नाहीये," तो म्हणाला. "आणि आपण चार मिनिटांच्या वर चाललोय."

"मग काप ना," टकळी म्हणाली.

कापले. माझा जीव तिळतिळ तुटला, पण मला फक्त ऐकता येते, ओरडता येत नाही.

बाईंचा एक नियम होता. ज्याचा आवाज, त्याने गोष्ट आधी ऐकायची आणि हो म्हटले तरच ती सभागृहात दाखवायची. आजोबा शाळेत आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. टकळीने त्यांना सगळ्यात चांगली खुर्ची दिली. गोष्ट सुरू झाली. नवरदेवाच्या जागी ते स्वतःही हसले. मग पडद्यावर पुलाचा फोटो आला. टकळीच्या आवाजाने विचारले, आनंद झाला का? आणि प्रश्न संपतो न संपतो तोच त्यांचा आवाज म्हणाला, "झाला की."

आजोबा उभे राहिले.

"आवाज माझाच आहे," ते म्हणाले. "पण हे मी बोललो नाही."

"आजोबा, एक अक्षरसुद्धा बदललं नाही आम्ही."

"अक्षर नसेल बदललं." त्यांनी चष्मा खिशात ठेवला. "हे नका दाखवू. मला वाटलं होतं, तू ऐकत होतीस."

ते गेले. टकळी पहिल्यांदाच अशी बसली होती, की तिला काय बोलावे ते सुचत नव्हते. इतकी वर्षे गप्प असलेला माणूस फक्त तिच्यासाठी बोलला होता आणि आता तो पुन्हा झाडांना पाणी घालायला निघून जाणार होता. रडवेल्या तोंडाने ती बाईंना म्हणाली, "पण आमचं चुकलं काय?"

 बाईंनी मूळ ध्वनिमुद्रण लावले, मी केलेले, आणि हेडफोन तिच्या कानावर ठेवला. तिने श्वास ऐकला. नख ऐकले. सायकल ऐकली. आवंढा ऐकला. "झाला की" येईपर्यंत तिचा चेहरा उतरला होता.

"त्यांची बोट गेली ना तेव्हा," ती हळूच म्हणाली. "आणि आईला त्याच पुलावरून कॉलेजला जाता आलं. दोन्ही खरं आहे."

"हे परत घाल," तिने मॉनिटरला सांगितले.

"वेळेत बसत नाही. चार म्हणजे चारच."

सुरुवातीला टकळीचे निवेदन होते. वळणावळणाने वाहणारी नदी, तिचे चांदीसारखे पाणी, असे बरेच काही होते आणि ती ते घोकून घोकून बोलली होती. तिने त्याच्यावर बोट ठेवले.

"माझं काप."

मॉनिटर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने कापले.

आजोबांना तिने कसे मनवले ते मी ऐकलेले नाही, पण कार्यक्रमाला ते आले आणि अगदी दाराजवळ बसले. सभागृह गच्च भरले होते. मला समोर टेबलावर ठेवले होते, नंतरच्या प्रश्नांसाठी. पुलाचा प्रश्न आला आणि सगळीकडे शांतता पसरली. शिपाईमामांना वाटले आवाज गेला. ते धावत येऊन वायरी हलवू लागले. बाईंनी त्यांना खुणेने थांबवले. हळूहळू लोकांच्या लक्षात आले, की काही बिघडलेले नाही, एक माणूस विचार करतो आहे. मोठ्या स्पीकरमधून तो श्वास ऐकू आला, तो आवंढा ऐकू आला. "झाला की" आले तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी नाक पुसले. ते सगळे माझ्या कानांचे काम होते, मित्रांनो, आणि त्या क्षणी माझी चेपलेली जाळीसुद्धा मला शोभून दिसत असणार.

मग आजोबांना पुढे बोलावले. खालच्या वर्गातल्या एका चिमुरडीने विचारले, "आजोबा, पुलावरून जाताना तुम्हाला कसं वाटतं?"

पुन्हा शांतता. टकळी त्यांच्या शेजारीच उभी होती. तिचे ओठ हलले, पण तिने ते मिटून घेतले आणि ती थांबली. सगळे सभागृह तिच्याबरोबर थांबले.

"गेलोच नाही मी अजून," आजोबा म्हणाले. "घरी सांगतो, काम पडलं नाही. तसं नाही ते." मग ते नातीकडे वळले. "तू येशील बरोबर?"

"येईन."

"चालत जायचं पण. गाडीनं नाही."

मीही गेलो, टकळीच्या हातात, वायर तिच्या दप्तरातल्या लॅपटॉपला जोडून. वाऱ्यात माझे कान बधिर होतात, म्हणून मॉनिटरने माझ्या डोक्यावर स्वतःचा धुतलेला मोजा चढवला होता. तो अपमान मी आनंदाने सोसला. त्या ध्वनिमुद्रणात बहुतेक वाराच आहे आणि दोन माणसांची पावले. मध्यावर पावले थांबतात. खूप वेळाने आजोबा म्हणतात, "इथून माझी बोट केवढीशी दिसली असती." मग पावले पुन्हा सुरू होतात आणि पलीकडच्या काठापर्यंत जातात. इतिहासाच्या तासाला बाई दरवर्षी नव्या वर्गाला ते ऐकवतात आणि त्यातले काहीही कोणी कापलेले नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना दमट कपाटात कोंबू नका. आम्हाला कामाला लावा. घरातल्या मोठ्या माणसांसमोर ठेवा, प्रश्न विचारा आणि मग उत्तर येईपर्यंत बसून राहा. ते मध्येच गप्प झाले, तर मला बंद करू नका.