मुठीबाहेरचा अंगठा

खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला असलेल्या निकिता गायकवाडनं राज्य बॉक्सिंग स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं, तेव्हा महिला दिनाच्या पोस्टरवर तिलाच घ्यायचं कंपनीनं ठरवलं. फोटो काढायला शौनक नावाचा जाहिरातवाला आला.

निकिता डावखुरी. उजवा पाय पुढे, उजवी मूठ डोळ्यांसमोर, डावी गालाशी, हनुवटी खाली. दापोडीच्या मच्छिंद्र सरांनी तीन वर्षं ओरडून ओरडून तिच्याकडून हे घोटून घेतलं होतं. शौनकनं आधी हात खाली घ्यायला सांगितलं, मग पाय बदलायला, कारण त्या बाजूला कंपनीचं नाव यायचं होतं. वर थोडं हसायलाही सांगितलं. निकिता हलली नाही.

"अहो मॅडम, चेहराच दिसत नाहीये तुमचा."

"समोरच्या मुलीलाही दिसू नये, म्हणूनच हात वर असतात."

एचआरच्या उल्का मॅडमनी तिला बाजूला घेतलं. एका फोटोनं काय बिघडतं, म्हणाल्या. आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या रजेचा तिचा अर्ज अजून आपल्याच टेबलावर आहे, हेही सहज सांगितलं. निकितानं ग्लोव्ह्ज काढले आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

पोस्टरवर एक मॉडेल आली. कमरेपाशी मुठी, छान हसू. कार्यक्रमात त्याच पोस्टरसमोर निकिताचा सत्कार झाला आणि दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. तिनं पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला.

"या मुलीचा अंगठा मुठीच्या आत आहे," ती म्हणाली. "असा ठोसा मारला तर तिचाच अंगठा मोडेल. तो बाहेर ठेवायचा. उभ्या राहा, दाखवते."

सगळ्यात आधी मागून कॅन्टीनच्या बायडाबाई पदराला हात पुसत उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुठी गालाशी नेल्या. पाठोपाठ अर्धा हॉल उठला. उल्का मॅडम बसूनच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रजा नामंजूर झाल्याचा मेल आला. निकितानं उत्तरात एवढंच लिहिलं, की पगार कापा, मी जाते आहे. गेलीही. दुसऱ्याच फेरीत थोडक्यात हरली.

सोमवारी सुजलेला डोळा घेऊन ती वेळेवर कामावर आली, आणि बॅगही न उतरवता पुढच्या वर्षीच्या रजेचा अर्ज उल्का मॅडमच्या टेबलावर ठेवून आली.