पाच वेळा घासलेली किटली

मित्रांनो, मी दहा लिटरची एक जुनी दुधाची किटली आहे. मनकर्णाबाईंनी मला संगमनेरच्या बाजारातून आणलं, तेव्हा माझ्या अंगात तोंड पाहता यायचं. बारा वर्षं मी रोज सकाळी त्यांच्यासोबत गावच्या डेरीवर जाते. माझ्या स्वच्छतेचं तिथे कौतुक व्हायचं आणि मीही जरा तोऱ्यातच असायची.

गेल्या उन्हाळ्यात पाहुण्यांच्या गडबडीत बाईंनी संध्याकाळचं उरलेलं दूध सकाळच्या दुधात ओतलं. डेरीवर ते नासकं निघालं आणि सगळ्यांदेखत परत आलं.

झालं एकदाच, पण बाईंच्या मनातून ते जाईना. मला पाच-पाच वेळा घासायच्या, आत नाक घालून वास घ्यायच्या. भाकरी थापतानाही तेच, "उद्या परत नासलं तर वो?" त्यांचे यजमान कानिफनाथ समजवायचे, "अगं, कवाची गोष्ट ती! सोड की." पण पालथ्या घड्यावर पाणी. माझा पत्रा झिजला, बाईंची झोप उडाली. शेवटी दूधच नको नि काळजीही नको, म्हणून त्यांनी लाडकी चंद्री गायच विकायला काढली. गुरुवारी व्यापारी येणार होता. मला फार वाईट वाटलं.

बुधवारी सकाळी, धारेच्या आधी, चंद्रीच्या वासराने माझ्यात तोंड घातलं आणि ते अडकलं. मला घेऊन ते अंगणभर उधळलं. कानिफनाथ धरायला धावले ते शेणात सपशेल आडवे!

"हसतीस काय? धर की त्याला!"

"आदी मलाच धरा कुनीतरी!" म्हणत बाई पोट धरून खाली बसल्या. कित्येक महिन्यांनी मी त्यांचं हसू ऐकलं. वासराच्या तोंडातून निसटून आपटताना मला एक पोचा पडला, पण त्याचं काही वाटलं नाही.

उशीर झाला होता. मला एकदाच घासून, धार काढून बाई डेरीवर पोहोचल्या. तिथल्या बायकांना वासराची गंमत सांगताना पुन्हा हसल्या. परतताना वाटेत एकदम थबकल्या. "अगं बाई! दूध कसं निघालं, इचारलंच न्हाई मी!"

घरी आल्याबरोबर त्यांनी व्यापाऱ्याला मोबाईल लावला, "येऊ नगा. चंद्री इकायची न्हाई."

काळजी पुरती गेली असं नाही. अजूनही कधीतरी त्या मला दोनदा घासतात. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी एकच गोष्ट मनात घोळवत बसलं असेल, तर समजूत मागाहून घाला. आधी त्यांना खळखळून हसवा. त्या धांदलीत माझ्यासारख्या एखाद्या किटलीला पोचा पडलाच, तर खुशाल पडू द्या.