इंदूबाईंचा थर्मामीटर

मैनाने दिवा भांड्याखालून ओढून घेतला आणि लगेच पुन्हा आत सरकवला. पाणी शंभर अंश फॅरनहाइटवर ठरायला तयार नव्हतं, की तिलाच धीर नव्हता, कोण जाणे.

"ढवळत राहा, पण घाई नको," वामनराव सर म्हणाले. "वरचं पाणी एक सांगतं, तळाचं दुसरं. दोघांचं एकमत झालं की मग पारा वाच."

अमरावतीच्या कॉलेजातल्या त्या प्रयोगशाळेत ती मदतनीस होती. आलेले थर्मामीटर कोमट पाण्यात, खात्रीच्या थर्मामीटरशेजारी बुडवून पारखायचे, हे काम तिच्याच हातचं. आजचा मात्र कॉलेजचा नव्हता. तो दवाखान्यातल्या इंदूबाई नर्सने रुमालात गुंडाळून दिला होता.

मोतीबिंदूसाठी त्याच दवाखान्यात ठेवलेल्या मैनाच्या वडिलांना, डोमाजींना, रोज संध्याकाळी ताप निघत होता. ताप असला की मोतीबिंदू काढत नाहीत. नागपूरचे डॉक्टर उद्या येणार होते, त्यानंतर थेट पुढच्या हिवाळ्यात. आणि बाबा आताशा मुलीला ओळखत ते तिच्या चपलांच्या आवाजावरून.

कपाळाला हात लावावा तर गार. म्हणजे थर्मामीटरच खोटा. असायलाच हवा.

तिने तो पाण्यातून काढून उजेडात धरला. शंभर. खात्रीच्या थर्मामीटरवरही शंभर. तिने पारा झटकून खाली आणला, पाणी आणखी तापवलं, पुन्हा बुडवला. दोन्ही पुन्हा सारखेच.

"अजून एकदा बघू, सर?"

"बघू की." सरांनी स्वतः भांड्यात गार पाणी ओतलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून. शेवटी चष्मा कपाळावर चढवत ते हळूच म्हणाले, "खरा आहे गं हा."

इंदूबाईंच्या फेरीआधी थर्मामीटर पोचवायचा होता, म्हणून ती एरवीपेक्षा लवकरच दवाखान्यात शिरली. फरशी नुकतीच पुसलेली. तिने चपला दाराशी काढल्या आणि अनवाणी आत गेली.

शेजारच्या खाटेवरचे वरूडचे खुशालराव भिंतीकडे तोंड करून संत्रं सोलत होते. पावलांची चाहूल लागताच त्यांनी मान न वळवता हाक दिली.

"डोमाजी, आटपा! नर्सबाई आली!"

डोमाजींनी चादरीतून पेला काढला, घाईने घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून बसले. गाल फुगलेले, डोळे समोर रोखलेले. समोर मैना उभी होती.

"बाबा."

घोट गिळला गेला. डोमाजींना जोरात ठसका लागला.

"मी काई पायलं नाई बाप्पा," खुशालराव भिंतीलाच म्हणाले.

"चहा हाये हा?" मैनाने पेल्यातून निघणाऱ्या वाफेकडे पाहिलं.

डोमाजींनी पेला छातीशी धरला. मग म्हणाले, "आता तू सावलीवानी तं दिसते मले, माय. डाक्टरच्या हातानं तेवढंबी गेलं तं?"

मैनाने पेला त्यांच्या हातातून घेतला आणि उरलेला चहा एका दमात पिऊन टाकला. जीभ पोळली. तितक्यात इंदूबाई आल्या.

"काय गं, निघाला का खोटा?"

"खरा हाये, बाई." तिने रुमाल पुढे केला. "पण लगेच नका लावू. थोडं थांबू."

"कावून थांबाचं?"

मैना खाटेवर टेकली. तिने वडिलांचा हात हातात घेतला.

इंदूबाईंनी रिकाम्या पेल्याकडे पाहिलं आणि स्टूल ओढून बसल्या. खुशालरावांनी संत्र्याची फोड हातातच ठेवली.

पेला पार गार झाला. मग डोमाजींनी आपणहूनच थर्मामीटरसाठी तोंड उघडलं.