मंगळवारचे दोन तास

सांगलीहून आलेली बाई टॅब घेऊन अंगणात उभी राहिली आणि लीलाबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नाव स्वप्नाली, गळ्यात कार्ड, काम म्हणे सरकारी पाहणीचं. पण गेल्याच आठवड्यात थोरल्या वीरधवलसाठी पाटणचं स्थळ आलं होतं, आणि तासगाव भागात सोयरीक जुळण्याआधी मुलीकडचे गुपचूप माणूस पाठवतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणी द्राक्षं बघायला म्हणून येतो, कुणी पत्ता विचारायला. आता टॅब घेऊन येत असतील. कार्ड काय, कुणीही छापतं.

प्रश्नही तसलेच. घरात माणसं किती, जमीन किती, कोण काय करतं. सरकारला कशाला हवी ही उठाठेव? लीलाबाईंनी चहा टाकला, ठेवणीतले कप काढले आणि ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं. यजमान हंबीरराव बागेत गेले होते ते बरंच झालं. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, पण खोटं बोलता येत नाही हा त्यांचा मोठाच दोष.

"वीरधवल, वय अठ्ठावीस. शिक्षण?"

"इंजिनियर हाय."

"काम काय करतो?"

सहा वर्षं पोरगा अर्ज करत होता, भरतीच्या परीक्षा देत होता, कारखान्यांचे उंबरे झिजवत होता. याच प्रश्नावर आधीची तीन स्थळं परत गेली होती.

"करतोय की. आमची बेदाण्याची शेड हाय, तितं बघतोय."

"गेल्या सात दिवसांत किती वेळ?"

एवढं बारीक कोण विचारतं? नक्कीच पाटणची. "मंगळवारी बॉक्स भरलं. दोन तास."

"एक तास असला तरी चालतं," स्वप्नाली म्हणाली आणि टॅबवर बोट टेकवलं. "काम आहे, असं धरतात."

लीलाबाईंना हायसं वाटलं. पाटणचे लोक भलतेच समजूतदार निघाले.

तेवढ्यात आतल्या खोलीत अभ्यास करत बसलेला वीरधवल बाहेर आला. "कसलं काम? मला पगार न्हाई. आईबापाचं खातोय मी."

"घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावला तरी ते काम," स्वप्नाली म्हणाली. "आठवड्यात एक तासही काम नाही आणि शोधतोय, तो बेरोजगार."

"आन् दमून नाद सोडला तर?"

"मग तो कामातही नाही, बेरोजगारांतही नाही."

"परवा टीव्हीवर सांगितलं, बेरोजगारी कमी झाली. ती अशी कमी झाली व्हय."

"आकडा खोटा नसतो, दादा. तो फक्त पगाराचं काही सांगत नाही. मला नेमून दिलंय तेवढंच मी विचारते."

लीलाबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. "म्हंजे तुमी पाटणच्या न्हाई?"

"पाटण?" स्वप्नालीला काही कळेना.

"मग ते मंगळवारचं खोडा."

"खरं आहे ना ते?"

खरं होतं.

वीरधवल चिडला नाही, तेच वाईट. "सहा वर्षं काम शोधतोय, आई. तेवढं एक सांगायचं हुतं. ते तू बी सांगितलं न्हाईस." तो आत निघून गेला. लीलाबाईंना लाज वाटली, आणि ती पोराची नव्हती.

रविवारी मुलीचे मामा लालासाहेब पाटणहून उघडपणे आले. गोड बोलत होते, म्हणून लीलाबाईंना त्यांचाही संशय. चहा निम्मा झाल्यावर त्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो म्हणालात?"

शेडवर असतो, हे उत्तर जिभेवर तयार होतं. सरकारनंही ते मान्य केलं होतं. आतल्या दारामागे पावलं थांबल्याचं लीलाबाईंना कळलं.

"काम शोधतोय," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. शेडवर हात लावतोय, पर त्याला त्यो काम म्हणत न्हाई, आन् आता आमी बी म्हणत न्हाई."

लालासाहेबांनी बशी खाली ठेवली. वीरधवल बाहेर आला, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला.

"विचारा," तो म्हणाला.