चोविसाव्या खिडकीतलं दगडफूल

आसावरी सायकल दामटत विद्यापीठात पोचली, तेव्हा प्रयोगशाळेचं दारसुद्धा उघडलेलं नव्हतं. आज पेटी येणार होती. अठरा महिने उपग्रहावर बसून पृथ्वीभोवती घिरट्या घालून, शेवटी कुपीतून वाळवंटात उतरलेली पेटी!

पेटीत पुस्तकाएवढी एक पट्टी होती. तिला चोवीस खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक नमुना. रंगाचे लेप, प्लास्टिकच्या चकत्या, चिपवर चढवायची आवरणं. उघड्या अवकाशात, तिथलं बोचरं ऊन आणि किरणांचा मारा सोसून कशाचं काय होतं, ते बघायचं होतं. चोविसाव्या खिडकीतला नमुना मात्र आसावरीचा होता.

ती साताऱ्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. नवऱ्याला, रणजितला, इकडे नोकरी लागली तशी तिनं आपली सोडली आणि नेदरलँड्समधल्या एनस्खेडे गावी आली. चार वर्षं घरात गेली. मग डच शिकून ती इथे सहायक म्हणून लागली. नमुने पुसायचे, मोजायचे, नोंदवायचे. उड्डाणाआधी एक नमुना वेळेत आलाच नाही, खिडकी रिकामी जायची वेळ आली, तेव्हा ती गटप्रमुख मराइकेला म्हणाली होती, "माझ्या बागेच्या भिंतीवर पिवळं दगडफूल आहे. ते पाठवूया?" आपल्या गोड्या मसाल्यात पडतं, त्याचंच हे इथलं भाऊबंद. बुरशी आणि तिच्या पोटात शेवाळ, असा दोघांचा संसार. वाळलं की मेल्यासारखं पडून राहतं, पाणी मिळालं की उठतं. मराइके हसली होती, पण हो म्हणाली होती.

पेटी दहाला आली. दगडफुलाचा पिवळा रंग पार उडाला होता. जुन्या पापडाच्या तुकड्यासारखं दिसत होतं ते. आसावरीनं त्यावर पाण्याचा फवारा मारला, काही वेळ अंधारात ठेवलं आणि यंत्राखाली सरकवलं. यंत्र प्रकाशाचा झोत टाकून सांगायचं, आतलं शेवाळ अजून काम करतंय की नाही. धडधाकट असेल तर आकडा ०.६ च्या पुढेमागे, मेलं असेल तर शून्य.

०.०१ आला.

दुसऱ्या दिवशी ०.०२.

"वाईट वाटून घेऊ नकोस," मराइके म्हणाली. "उद्या सकाळी ते रसायनात घालू आणि काप काढू. आतून कसं मेलं, तेवढं तरी कळेल."

"रसायनात घातलं तर उरलंसुरलंही मरेल. मला उद्या दुपारपर्यंत वेळ दे."

"आसावरी, दोन दिवस झाले."

"ते अठरा महिने तहानलेलं आहे, मराइके. दोन दिवसांत कसं उठेल?"

मराइकेनं घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाराला यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार. तोवर तुझं."

तिसऱ्या सकाळी आकडा आला ०.१९. आसावरीला वाटलं, यंत्रच बिघडलं. तिनं काच पुसली, नमुना आणखी वीस मिनिटं अंधारात ठेवला, पुन्हा मोजलं. ०.२१! हातमोजे न काढताच ती कॉरिडॉरमधून धावत सुटली.

"मराइके! ये! आत्ता ये!"

मराइकेनं आकडा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "फवाऱ्याच्या पाण्यातून आलेलं ताजं शेवाळ असेल. वर चिकटलेलं."

शंका रास्त होती. पण तिचं उत्तर आसावरीला ठाऊक होतं. ताजं शेवाळ असेल तर ते वरच्या सालीवर दिसेल, जुनं असेल तर सालीच्या आत. तिनं एका कडेचा केसाएवढा पातळ काप काढला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि निळा दिवा लावला. जिवंत शेवाळ त्या उजेडात लाल चमकतं.

वरची साल त्या उजेडात काळीकुट्ट दिसत होती, लाल ठिपकाही नाही. आणि तिच्या खाली, बुरशीच्या जाळ्यात गुरफटलेले, लाल मण्यांचे सर.

"आतलंच आहे," ती पुटपुटली. मग ओरडलीच, "आतलंच आहे हे! आपलं आहे!"

मराइकेनं डोळा लावला, बराच वेळ काढलाच नाही, आणि मग अशी काही किंचाळली की शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात जमा झाली. प्रत्येकाला बघायचं होतं. पावणेबाराला शेवटची मोजणी झाली, ०.२७. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

आसावरीनं रणजितला फोन लावला. मुलगी जुई आज शाळा नसल्यानं त्याच्याजवळच होती.

"अगं, आवाज असा का येतोय? रडतेयस का?"

"नाचतेय रे, नाचतेय! ते जिवंत आहे!"

"एख्त वार, मामा?" मागून जुई डचमध्ये ओरडली. खरंच, आई?

"खरंच गं सोन्या, खरंच!"

फोन ठेवते तोच मराइके समोर उभी. "पुढच्या उपग्रहावर अर्धी पट्टी सजीवांसाठी मागणार आहे मी. बारा खिडक्या. त्या तू सांभाळशील, सहायक म्हणून नाही, प्रमुख म्हणून. काय पाठवायचं, ते तूच ठरव."

आसावरीनं तिथेच कागद ओढला आणि लिहायला घेतलं. बुरशी, नेच्यांचे बीजाणू, दलदलीतलं शेवाळ, कमळाचं बी. बारा नावं केव्हाच झाली, पण तिचा हात थांबेना.